चिंचेखालचा खराटा

मला ते पक्षी आवडत नाहीत. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. दरवर्षी आषाढातली आखाडी झाली की माझ्या गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरी फोन यायला लागतात. मॅडम, तुमच्या गावचे पक्षी आले का, कोणत्या रस्त्यानं यायचं, फोटोला उजेड सकाळचा चांगला की संध्याकाळचा. गळ्यात हातभर लांबीचे कॅमेरे अडकवून ही माणसं येतात, झाडाखाली उभी राहून माना वर करतात आणि म्हणतात, किती भाग्यवान तुम्ही, असल्या वातावरणात वाढलात. मी त्यांना एकच सांगते, वर बघायचं तर तोंड मिटून बघा. काहींना ते वेळेत कळत नाही.

त्यांच्यातल्याच एकानं मला या पक्ष्याचं पुस्तकातलं नाव सांगितलं. मुग्धबलाक म्हणे. ज्यानं हे नाव ठेवलं तो कधी त्यांच्या झाडाखाली राहिला नसणार. आम्ही त्यांना घोंगल्याफोडे म्हणायचो. मळकट पांढरे, काळ्या पंखांचे, गुडघ्याएवढे उंच करकोचे. चोच मिटली तरी मधोमध फट राहते आणि त्या चोचीनं ते धानाच्या बांध्यांतले घोंगे, म्हणजे शंखातल्या गोगलगायी, फोडून खातात. मोठ्या पक्ष्यांना आवाज जवळजवळ नाहीच, पण चोचीवर चोच आपटून ते दिवसभर असा खडखडाट करतात की जणू डोक्यावर कोणी वाळलेल्या बांबूच्या काठ्या मोजतंय. पिल्लांना मात्र आवाज असतो. घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा, आणि तो पहाटे चारला सुरू होतो.

आमचं घर आमगावपासून सायकलीनं तासाभराच्या एका गावात, गावाच्या खालच्या टोकाला, बौद्ध मोहल्ल्यातलं शेवटचं. कवेलूचं छप्पर, पुढे छपरी, मागे सांदवाडी आणि अंगणाच्या कडेला ती चिंच. दोन माणसांच्या कवेत न मावणारी. पावसाळ्याचे चार महिने त्या झाडावर पानांपेक्षा घरटी जास्त असायची. आम्ही त्या चार महिन्यांत अंगणात काही वाळवत नसू, काही उघडं ठेवत नसू. कपडे मधल्या खोलीत दोरीवर वाळायचे, त्यामुळे आमच्या शाळेच्या कपड्यांना चुलीच्या धुराचा वास, आणि त्या धुराखाली तो दुसरा वास. सडलेले घोंगे आणि ओला चुना एकत्र कालवला तर येईल तसा. माय सगळा स्वयंपाक दार लावून करायची. भात, लाखोरीची डाळ, फार तर कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. वड्या तिच्या हाताला छान जमायच्या, वरून कुरकुरीत, आत मऊ. पण दार लावलेल्या खोलीत, डोळ्यांत धूर आणि नाकात तो वास घेऊन खाल्लेल्या त्या वड्यांची मला आठवण होते तेव्हा प्रेमानं होत नाही, चिडून होते. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नसे. वरच्या मोहल्ल्यातल्या पोरी आधीच दुसऱ्या कारणानं लांब बसायच्या. त्यांना हे एक सांगता येण्याजोगं कारण मिळालं. त्यांनी माझं नाव घोंगीण ठेवलं होतं.

हा सगळा त्रास आमच्या घरात राहिला तो आत्यामुळे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत गेला, तेव्हापासून ती माहेरी. नाव सोना, पण गाव तिला पाखरवाली म्हणे. काळीसावळी, उंच, दातांत कायम कडुनिंबाची काडी, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण काय विचारलं होतं याचीच लाज वाटावी. पहाटे उठून ती खराट्यानं झाडाखालची सगळी घाण एका कडेला ओढायची, वर राख टाकायची. पिल्लू पडलं तर फुटक्या टोपलीत ठेवून टोपली खालच्या फांदीला बांधायची आणि बांधीतले घोंगे दगडानं फोडून त्याला भरवायची. आखाडीपासून शेवटचं पाखरू उडून जाईपर्यंत झाडावर कोणी चढायचं नाही, जळणासाठीसुद्धा फांदी तोडायची नाही, झाडाखाली डफ-ताशा वाजवायचा नाही, पिल्लाच्या टोपलीशिवाय झाडाला काही बांधायचं नाही. हे नियम तिच्या बापाचे, त्याच्या बापाचे. तिच्या आधी तिचा बाप झाडत होता.

बाबा आमगावच्या एका राइस मिलमध्ये कामाला होते आणि दोन एकर धान करत. त्यांना या नियमांचा राग होता, आणि तो रास्त होता हे मी आज म्हणते. आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा गावाची सगळी कामं एका झटक्यात टाकली. ते सोडताना मार खाल्ला, कामाच्या बदल्यातलं धान बंद झालं, तरी टाकली. मग हे एकच का राहिलं? दरवर्षी पावसाळ्यात एकदा तरी या दोघांचं वाजायचं.

"मेलं ढोर ओढनं टाकलं, डफडं टाकलं, गावाचा निरोप नेनं टाकलं," बाबा म्हणायचे. "हे एक काऊन ठेवलं तू? पाखराची घान काढाची अन् वरून गावाच्या शिव्या खायाच्या. हा कोनता मान होय बाई?"

"ते गावानं देल्लं होतं," आत्या म्हणायची. "हे गावानं देल्लं नाई."

"मंग कोनं देल्लं?"

"कोनंच नाई. म्हनून ठेवलं."

यावर बाबा ताट सरकवून उठायचे, आणि मग मायचा राग त्या उरलेल्या भातावर निघायचा.

गावाची गंमत वेगळीच. वास येतो म्हणून गाव आम्हाला शिव्या देई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोदेचा पुतळा काढतात, गावातली रोगराई, ढेकूण-मच्छर घेऊन जा गे नारबोद म्हणून ओरडत तिला वेशीबाहेर नेतात. आमच्या घरासमोर आले की पोरं मुद्दाम थांबून ओरडायची, "घोंगल्याफोडे घेऊन जा गे नारबोद! पाखरवालीले घेऊन जा गे नारबोद!" आत्या छपरीतून काडी चावत बघत राहायची. आणि हेच गाव मृगाच्या आधी टोपल्या घेऊन आमच्या दारात उभं राही. कारण झाडाखालची ती कुजलेली माती पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, वाफ्यात टाकली की पऱ्हे हिरवेगार, जाड काडीचे निघतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्या प्रत्येक घराला दोन टोपल्या देई, बदल्यात काही घेत नसे. वरच्या मोहल्ल्यातली माणसं मात्र टोपली लांब भुईवर ठेवायची आणि मागे सरकायची. आम्ही ती भरायची, पुन्हा भुईवर ठेवायची, मागे सरकायचं. मग ते पुढे येऊन उचलायचे. नाकाला पदर असायचाच. वासासाठी की कशासाठी, ते त्यांचं त्यांना माहीत.

मी सोळा वर्षांची असतानाची गोष्ट. माझी थोरली बहीण रजनी लग्नाची झाली होती. आदल्या वर्षी तिला बघायला आलेले लोक अंगणात खाटेवर बसले असताना, पोह्यांची बशी हातात घेतलेल्या नवरदेवाच्या काकाच्या बशीत वरून अर्धवट पचलेला घोंगा पडला होता. पोहे, त्यावर सांबार म्हणजे कोथिंबीर, त्यावर घोंगा. ते लोक पाणी न पिता गेले. त्यानंतर माय आत्याशी सरळ बोलेनाशी झाली. "या पाखरापायी माह्या पोरी घरातच बुढ्या होतीन," असं ती भिंतीला ऐकवायची.

मग गोंदियाचं एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, बाप रेल्वेत, घर पक्कं. पावसाळ्यात सहसा कोणी मुलगी बघायला येत नाही, पण मुलाची बदली व्हायची होती, त्यांना घाई होती. पोळ्यानंतर आठ दिवसांनी येतो म्हणाले. घरात त्यांना बसवायला जागा नव्हती. मधली खोली म्हणजे चूल, धानाची ढोली आणि ओल्या कपड्यांची दोरी. छपरीत चार माणसं मावत, येणार होते नऊ. म्हणजे अंगण. म्हणजे चिंच.

तयारी मी हातात घेतली. मला तेव्हाही याद्या करायची सवय होती. पुढे वसतिगृहाची गृहपाल म्हणून अख्खा जन्म मी धान्य, चादरी, पोरींचे आजार यांच्या याद्या करण्यात घालवला. पण पहिली खरी यादी ती. जुन्या वहीच्या मागच्या पानावर चहापत्ती लिहिली, साखर लिहिली, शाबूत कानाच्या नऊ कपबश्या कोणाकोणाकडून आणायच्या ते लिहिलं, रजनीचं पातळ, झाडाखाली दोनदा राख, उदबत्ती. आणि शेवटी लिहिलं, आत्याला आमगावला पाठवणे. तिथल्या मामीला बाळ झालं होतं, निमित्त आयतं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती. ताडपत्री.

ती कल्पना माझी एकटीची. बाबा आदल्या दिवशी मिलमधून धानाच्या ढिगावर टाकतात त्या दोन मोठ्या ताडपत्र्या मागून सायकलवर घेऊन आले. आत्या पहिल्या गाडीनं गेली आणि उजाडताच आम्ही कामाला लागलो. चिखलात बांबू उभे राहीनात, म्हणून दोऱ्या झाडालाच बांधायचं ठरलं. बाबा जड, म्हणून मी चढले. माझं डोकं पहिल्या घरट्याच्या बरोबरीला आलं आणि झाडावरचे सगळे मोठे पक्षी एकदम उडाले. असा वारा सुटला की माझी वेणी तोंडावर आली. घरट्यात मुठीएवढी पिल्लं होती, शेजारच्या घरट्यात अंडी. मी बघितलं आणि गाठी मारत राहिले. माझ्या मनात काय होतं ते मला नेमकं आठवतं, म्हणून लिहिते. झाड रिकामं झालं हे बरंच झालं, असं माझ्या मनात होतं. खाली उतरून मी त्या ओळीवर बरोबरची खूण केली.

पाहुणे अकराला आले. पाऊस उघडला होता, ऊन कडक होतं, पण ताडपत्रीखाली छान सावली होती. राख टाकलेली भुई कोरडी होती आणि उदबत्तीपुढे वास फारसा येत नव्हता. मुलाचा बाप गोरा, टापटीप माणूस. वर बघून म्हणाला, "ये बढिया केलं तुमी. इंतजाम पक्का आहे." बाबांनी माझ्याकडे बघितलं. असं त्यांनी माझ्याकडे त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

वाऱ्यानं ताडपत्री फडफडत होती. पक्षी वर घिरट्या घालत होते, खाली उतरायला बघत आणि ती फडफड झाली की पुन्हा वर जात. ते मी अंगणाच्या कडेनं बघितलं. मग कावळे आले. आधी दोन, नंतर मोजता येईनात. रजनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, मान खाली घालून बसली. तिला शिक्षण विचारलं, शिवण येतं का विचारलं. आणि ताडपत्रीवर आवाज झाला.

टप्.

थोड्या वेळानं पुन्हा. टप्, टप्.

"बारिश आली वाटते," मुलाचा बाप म्हणाला.

"हाव," माय लगेच म्हणाली. "येते असी मधातच. पावसाचा काही नेम हाय का बाप्पा. चहा घ्या नं."

अंगणाबाहेर ऊन लख्ख होतं. बाबा वर बघत नव्हते. ताडपत्री एका बाजूला खाली झुकली होती, आत काहीतरी जमत होतं, आणि त्यातलं काहीतरी हलत होतं. मी कपबश्या गोळा करत होते. नऊ होत्या, नऊ मोजून आत नेल्या. बाहेर येईपर्यंत मुलाच्या बापानं नारळ-सुपारीची बोलणी काढली होती. लग्न तिथंच ठरलं. रजनी आज नातवंडांत आहे आणि सगळ्यांना हसत सांगते, माझं लग्न आमच्या कुंदीच्या ताडपत्रीनं जमवलं. कुंदी म्हणजे मी. रजनीनं वरचं काही बघितलं नव्हतं. मी तिला कधी सांगितलं नाही. आता ती हे वाचेल.

आत्या चारला आली. हातात छत्री, पिशवीत मामीनं दिलेले लाडू. माय हसत पुढे झाली, "बाई, जमलं व, जमलं!" आत्यानं तिच्याकडे बघितलंच नाही. ती झाडाकडे बघत होती. कावळे अजून होते. मग तिनं मला हाक मारली.

"सोड ते."

मी एका कोपऱ्याची गाठ सोडली. ताडपत्री कलली आणि तिच्यात होतं नव्हतं ते सगळं घसरत आत्याच्या पायांपाशी आलं. फुटकी अंडी, पिल्लं, काड्या. दोन पिल्लं जिवंत होती, ती संध्याकाळपर्यंत गेली. मायनं मला घरात बोलावलं.

"थांब," आत्या म्हणाली. "तिचं काम बाकी हाय." मग मला म्हणाली, "मोज."

"आत्या..."

"तुले लय मोजता येते नं? कप मोजले, बशा मोजल्या. हेही मोज. अन् लिव."

मी मोजले. त्याच वहीत, त्याच पानाच्या मागे आकडा लिहिला. वही माझ्याकडे आहे. आकडा इथे लिहीत नाही. तो कॅमेरेवाल्यांसाठी नाही.

आत्या रागावली नाही, रडली नाही. खराटा आणून माझ्या पायाशी टाकला. "उद्यापासून तू," म्हणाली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायची थांबली. लोकांना वाटतं, वारसा म्हणजे आजोबांनी डोक्यावर हात ठेवून दिलेली वस्तू. माझ्याकडे तो असा आला. आठवडाभरात उरलेले पक्षीही निघून गेले. भरल्या पावसाळ्यात झाड मुकं झालं. माझ्या घरातली माणसं सुखानं झोपू लागली, आणि मी पहाटे चारला जागी व्हायचे ते पुन्हा डोळा लागत नसे.

पुढच्या वर्षी ते आलेच नाहीत. आखाडी गेली, पोळा गेला. आत्या रोज पहाटे मला हलवून उठवायची, न बोलता, आणि मी झाडाखाली खराटा फिरवायचे. झाडायला काही नव्हतं. चिंचेची चार पानं. ती छपरीत बसून काडी चावत बघायची, कोपरा राहिला तर बोटानं दाखवायची. कावळ्यांची भीती नव्हती, पिल्लं नव्हती, वास नव्हता. बारावीचं वर्ष होतं, आमगावची शाळा गाठायची असायची, आणि मी स्वच्छ भुई झाडत होते. मी तिचा तिरस्कार करत होते. हेही लिहून ठेवते.

त्यानंतरच्या मृगात गाव टोपल्या घेऊन आलं आणि माती नव्हती. आता शिव्या दुसऱ्या होत्या. "पाखरं काऊन उडवले तुमी?" "गावाची चीज होती ते, तुमच्या बापाची होती का?" जी माणसं नारबोदेला आत्याच्या नावानं ओरडायची तीच आता म्हणत होती की खालच्या मोहल्ल्यानं गावाचं नशीब घालवलं. त्यात सगळ्यात मोठा आवाज धनलाल पाटलाचा. वरच्या मोहल्ल्यातला मोठा शेतकरी, वीस एकर धान, आवाज त्याहून मोठा. आत्यानं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

आणि त्याच पावसाळ्यात ते परत आले. आमच्या चिंचेवर नाही. आमच्या झाडावरून दोन फेऱ्या मारल्या, हे मी स्वतः बघितलं. मग वरच्या मोहल्ल्याकडे वळले आणि धनलाल पाटलाच्या अंगणातल्या चिंचेवर उतरले. महिन्याभरात त्याच्या घराला तो वास लागला. माझी माय आयुष्यात एवढी कधी हसली नव्हती. "आता खा म्हना पोहे अंगनात बसून!"

त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात पाटलाचा गडी निरोप घेऊन आला. पाटील म्हणतात, तुमची पाखरं आमच्या दारात येऊन बसली, झाडायला माणूस पाठवा. नाही पाठवलं तर चार दिवसांत फटाके लावून उडवतो आणि फांद्या छाटतो. बाबा तेव्हा जेवत होते. हात न धुता उठले.

"सांग तुह्या पाटलाले. पाखरं तुह्या दारात, तं खराटा तुह्या हातात. आमी ते दिवस सोडले. आमच्या घरचं कोनी येनार नाई."

गडी गेला. आत्या जागची हलली नाही. बाबा तिला म्हणाले, "तू गेली तं याद राख, बाई. या घरात पाय ठेवू नको." मला आत्याचा चेहरा दिसत होता. घरट्यांत पिल्लं होती, हे तिला खालूनसुद्धा आवाजावरून कळत असे. ती झाडायला गेली तर बाबांच्या आणि त्यांच्या बापाच्या तोंडाला काळं. न गेली तर पुन्हा तेच, या वेळी फटाक्यांनी. रात्री तिनं भात खाल्ला नाही. सकाळी, जवळजवळ दोन वर्षांनी, ती माझ्याशी बोलली.

"वही आन."

मी आणली.

"लिव. मी सांगतो तसं. तुह्या मनाचं घालू नको."

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं सांगितलं, मी लिहिलं. एकदाच मी म्हणाले, आत्या, हे शेवटचं ते ऐकणार नाहीत. ती म्हणाली, लिव. मग तिनं धुतलेलं पांढरं पातळ नेसलं आणि बाबांना म्हणाली, "झाडायले नाई चाललो. पोरगी वाचनार हाय. येतं तं ये." बाबा आले नाहीत, पण अडवलंही नाही.

पाटलाच्या अंगणात आम्ही समोरच्या दारानं गेलो. मी त्याआधी तिथे कधी गेले नव्हते, आत्या गेली असेल तर मागच्या दारानं. पाटलीण नाकाला पदर लावून छपरीत उभी. अंगणाची दशा काय वर्णावी. मला ती ओळखीची होती. पाटील बाहेर आला.

"आली का सोना? खराटा कुठं हाय?"

"तुमच्या घरी असन," आत्या म्हणाली.

पाटलिणीनं कडेला एक रिकामं पोतं टाकलं, बसा म्हणून. आत्या बसली नाही. "बसायले नाई आलो. काम सांगायले आलो. वाच व कुंदे."

मी झाडाखाली उभी राहून वाचायला लागले. झाडावर कोणी चढायचं नाही. फांदी तोडायची नाही. फटाका, डफ, थाळी काही वाजवायचं नाही. पिल्लू पडलं तर टोपलीत ठेवायचं, टोपली खालच्या फांदीला बांधायची, घोंगे फोडून भरवायचे. झाडाखाली काही बांधायचं नाही, ताडपत्री तर नाहीच. इथे आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी थांबले आणि पुन्हा वाचलं, ताडपत्री तर नाहीच. रोज पहाटे खराटा मारायचा. घरच्या माणसानं मारायचा, दुसऱ्याच्या हातानं मारायचा नाही.

"म्हंजे माही बायको झाडन?" पाटील ओरडला. "वीस एकरवाल्याची बायको?"

"आमच्या घरी माहा बाप झाडे," आत्या म्हणाली. "मरेपर्यंत झाडलं. तुमाले जमत नसन तं उडवा फटाके. पुढच्या मृगात गाव माती मांगाले तुमच्या दारात येईन, तवा त्याहिले सांगजा काय झालं ते. आमाले या मृगात सांगाव लागलं. आता तुमी सांगा."

पाटलीण हळूच म्हणाली, "ते टोपली कोन्या फांदीले बांधाची?" त्याच वेळी वरून पडलं. गरम, पातळ, भरपूर. माझ्या भांगापासून कपाळावर, वेणीवर आणि वहीच्या पानावर. पाटील मोठ्यानं हसला. गडी हसला. मी ओढणीचं टोक उचललं.

"पुसू नको," आत्या म्हणाली.

मी हात खाली घेतला. ते डोळ्याच्या कडेनं गालावर उतरत होतं. आत्या काडी चावत होती, आणि तिच्या तोंडाची एक बाजू जरा वर गेली होती. हसू म्हणवत नाही, पण दोन वर्षांत तेवढंच.

"एक रायलं. वाच."

पान ओलं झालं होतं, शाई पसरली होती, पण ती ओळ मला पाठ होती. मी ती पाटलाकडे बघून म्हटली, मोठ्यानं, गडी ऐकेल, पाटलीण ऐकेल, भिंतीपलीकडचे ऐकतील अशी.

"मृगाच्या आधी माती वाटायची. जो मागेल त्याला द्यायची. आणि टोपली त्याच्या हातात द्यायची. भुईवर ठेवायची नाही."